परतीच्या पावसात मन थाऱ्यावर ठेवण्यासाठी

गौरी-गणपती उठले की शेतकऱ्याच्या घराचं अर्धं लक्ष आभाळाकडे असतं. सोयाबीन पिवळं पडलेलं असतं, उडीद-मूग खळ्यावर आलेला असतो, कापसाची पहिली बोंडं फुटायच्या बेतात असतात, आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो. २०२५च्या सप्टेंबरात त्यानं मराठवाडा आणि सोलापूरच्या पट्ट्यात कहर केला. सीना, सिंदफणा, मांजरा पात्र सोडून शेतात शिरल्या आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. ज्यांचं शेत वाचलं त्यांनाही महिनाभर झोप नव्हती.

अशा दिवसांत वाचकांचे प्रश्न जवळपास ठरलेले असतात. पीक गेलेलं असताना दसरा-दिवाळी करावी का? पंचनामा होईपर्यंत कशातच मन लागत नाही, काय करू? वडील गावाकडे एकटे आहेत, फोनवर ‘बरं आहे’ एवढंच म्हणतात, खरं कसं कळणार? विमा कंपनीला ७२ तासांत कळवायचं की नाही? विमा आणि मनाची उलघाल एकाच पत्रात का असते, ते गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. म्हणून इथंही दोन्ही एकत्रच घेतलं आहे. माझं मत असं की रानातली, अंगणातली, गोठ्यातली रोजची कामं या दिवसांत औषधासारखी लागू पडतात. फक्त डोक्यावरचा कागदांचा घोर आधी उतरवावा लागतो. मनात अर्धवट कामं घोळत असली की गाईच्या धारा काढतानाही माणूस तहसीलमध्येच असतो.

आधी कागद मार्गी लावा

पाणी ओसरल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत एवढं उरका:

- शेताचे फोटो काढा. बांध, विहीर, झाड अशी ओळखीची खूण फोटोत येऊ द्या. मोबाइलमध्ये तारीख आणि ठिकाण उमटत असेल तर उत्तम.
- सातबाऱ्यावर यंदाचं पीक नोंदलेलं आहे का, ते पाहा. ई-पीक पाहणी राहिली असेल तर त्या कामासाठीच्या गावच्या सहायकाला गाठा. सातबाऱ्यावर सोयाबीन नसेल तर शेतात कुजलेलं सोयाबीन दाखवूनही पुढे अडचण येते.
- आधार, बँक पासबुक, शेतकरी ओळख क्रमांक यांच्या प्रती एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवा. आधार बँक खात्याला जोडलेलं आहे याची खात्री करा. मंजूर झालेली मदत बऱ्याचदा इथंच अडकते.
- जनावर दगावलं असेल तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय डॉक्टरांना कळवा. कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक आणि फोटो ठेवा.
- घराची भिंत पडली असेल तर मलबा उचलण्याआधी फोटो घ्या.

पंचनामा तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात. तुम्ही स्वतः शेतात हजर राहा. कोणतं पीक, किती क्षेत्र, नुकसान किती टक्के, हे काय लिहिलं ते वाचून मगच सही करा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातीला सोबत न्या आणि मोठ्यानं वाचायला सांगा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.

मदतीसाठी नुकसान किमान ३३ टक्के असावं लागतं. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि फळबागांसारख्या बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत, अशी तरतूद होती. दुभत्या जनावराला ३७,५०० आणि ओढकामाच्या जनावराला ३२,००० रुपये. ऑक्टोबर २०२५मध्ये राज्यानं पिकांची मर्यादा तीन हेक्टर केली आणि रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे जाहीर केले. निकष काळानुसार बदलतात, तेव्हा यंदाचा शासन निर्णय काय म्हणतो ते तहसीलमध्ये विचारून घ्या.

आता ७२ तासांबद्दल. शेतात पाणी साचलं की ७२ तासांत विमा कंपनीला कळवायचं, हा नियम बरीच वर्षं होता आणि लोकांच्या डोक्यात तो पक्का बसला आहे. महाराष्ट्रात २०२५च्या खरिपापासून एक रुपयातला विमा बंद झाला. शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के झाला. त्याच वेळी स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान यांची भरपाई वगळून महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवर सगळं ठरू लागलं. त्या हंगामात कित्येकांनी रात्र-रात्र तक्रार नोंदवायचा प्रयत्न केला आणि हाती काही लागलं नाही. म्हणून विमा भरतानाच विचारा: यंदा कोणकोणत्या जोखमी धरल्या आहेत? उत्तर पावतीच्या मागे लिहून ठेवा. वैयक्तिक नुकसान धरलेलं असेल तरच ७२ तासांची धावपळ करा.

इथं तुमचा हक्क आहे

- पंचनाम्यात नाव राहिलं तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही.
- अर्जाचं पुढं काय झालं हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.
- सरकारी मदतीतून बँकांनी कर्जवसुली करू नये, अशी सूचना मदतीच्या शासन निर्णयांत असते. खात्यातून रक्कम वळती झाली तर शाखेत तक्रार द्या, मग जिल्हाधिकारी कार्यालयात.
- आपत्ती जाहीर झालेल्या भागात ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर पीककर्जाचं पुनर्गठन करण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. हप्ते किती वर्षांचे, व्याज किती, हे समजून घेऊनच होकार द्या.
- सावकाराकडे परवाना आहे का, ते सहायक निबंधकांच्या कार्यालयात कळतं. महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी कायद्यानुसार मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, आणि अवैध सावकारानं जमीन लिहून घेतली असेल तर ती परत मिळवण्याचा मार्गही आहे.

एवढं झालं की कागदांना आठवड्यातला एक दिवस द्या. बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाल तेव्हा चौकशी करा. बाकीचे दिवस ‘माझा पैसा आला का’ म्हणून रोज सेतू केंद्राच्या पायऱ्या चढू नका. त्यानं पैसा लवकर येत नाही, मात्र माणूस झिजतो.

हातांना काम द्या, आणि पुरं होणारं काम द्या

वाया गेलेल्या शेताच्या बांधावर उभं राहून नुसतं बघत बसणं, हे या दिवसांत अनेकांच्या नशिबी येतं. पाय आपोआप तिकडेच वळतात. जा, पण जाताना हातात खुरपं किंवा फावडं असू द्या. साचलेल्या पाण्याला वाट काढायला एक चर खणा. सगळं शेत आज नीट होणार नाही, चर मात्र आज पुरा होतो.

काही कामं याच ऋतूची आहेत आणि ती केल्यानं पुढच्या हंगामाचं नुकसान टळतं:

- भिजलेलं सोयाबीन ढीग घालून ठेवू नका. आतून तापतं आणि बुरशी धरते. ताडपत्रीवर पातळ पसरा, दिवसातून दोन-तीनदा हलवा. हमीभावानं खरेदीला ओलावा १२ टक्क्यांपर्यंतच चालतो.
- शेतात टिकलेल्या एखाद्या चांगल्या तुकड्यातलं सोयाबीन बियाण्यासाठी वेगळं काढा. त्याचं टरफल नाजूक असतं, त्यामुळे मळणी यंत्राचा वेग कमी ठेवा आणि पोती उंचावरून आपटू नका. थप्पी सात पोत्यांपेक्षा उंच नको.
- वापसा आला की रब्बीचा विचार सुरू करा. ज्वारीची वेळ गेली असेल तर हरभरा आहे. कोणतं वाण घ्यायचं, ते कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

यातलं एक काम मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण ते घरातल्या कोणालाही करता येतं: बियाण्याची उगवण पाहणं. जुनं गोणपाट घ्या, धुऊन भिजवा आणि पिळून ओट्यावर अंथरा. बियाण्याच्या पोत्यात वर, मध्ये आणि तळाशी हात घालून मूठ-मूठ दाणे काढा, एकत्र करा आणि निवड न करता शंभर मोजा. फुटका, सुरकुतलेला दाणा आला तर तोही राहू द्या. चांगलेच वेचून ठेवले तर चाचणीला अर्थ उरत नाही. दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, दोन दाण्यांत बोटभर अंतर ठेवा. वरून दुसरं ओलं गोणपाट घाला, अलगद गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज सकाळी पाण्याचा शिपका द्या. तिसऱ्या दिवशी कडा उचलून पाहिलं तर पांढरे मोड दिसू लागतात. सात दिवसांनी गुंडाळी उलगडा आणि नीट रुजलेले कोंब मोजा. सोयाबीनचे सत्तर किंवा त्याहून जास्त आले तर बियाणं पेरायला योग्य. कमी आले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवायचं, आणि फारच कमी असतील तर ते बियाणं म्हणून ठेवायचंच नाही. मे महिन्यात हीच चाचणी पुन्हा करा.

मोजायचं काम घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आणि लहान पोरांना मिळून द्या. पीक गेल्यापासून जे आजोबा कोणाशी बोलत नाहीत, ते ‘हा कोंब धरायचा का नाही’ यावरून नातवाशी वाद घालायला लागतात. पुढच्या जूनबद्दल घरात झालेलं ते पहिलं बोलणं असतं.

ज्यांना शेत नाही, मजुरीवर पोट आहे, त्यांचा सप्टेंबर-ऑक्टोबर आणखी कठीण जातो. काढणीचं कामच बुडालेलं असतं आणि पंचनाम्यात त्यांचं नाव कुठेच नसतं. तुम्ही त्यांपैकी असाल तर ग्रामपंचायतीत रोजगार हमीच्या कामाची लेखी मागणी करा आणि तारखेसह पोच घ्या. तोंडी मागणीवर कोणी विचारत नाही.

पीक गेलं, सण करायचा का?

करा. खर्चाचा सोडा, पण सण सोडू नका. सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्यामागे लोकांना वाटणारी लाज असते: शेजारच्या घरात माणूस गेलेलं असताना किंवा आपलंच रान खरवडून गेलेलं असताना दारात तोरण कसं लावायचं? ज्या घरात दुःख झालं आहे त्यांनी यंदा सण न करणं समजण्यासारखं आहे, त्यांना आग्रह करू नका. बाकीच्यांनी मात्र हे लक्षात घ्यावं की आश्विनातले आपले सण मुळात शेताचेच आहेत आणि ते जवळजवळ फुकट होतात.

घटस्थापनेला रानातली काळी माती आणायची, पत्रावळीवर पसरायची, त्यात घरातलं पाच-सात प्रकारचं धान्य पेरायचं आणि मधे घट ठेवायचा. विकत काय आणावं लागतं? नऊ दिवसांत कोंब वीतभर होतात, दसऱ्याला ते टोपीत खोवायचे. पुराच्या गाळातली माती आणली तरी चालते. आणाच, कारण ती आता तुमच्याच शेतात आहे आणि पुढचं पीक तिच्यातच यायचं आहे.

हस्ताच्या पावसात पाटावर हत्ती काढून मुली-बायका भोंडल्याचा फेर धरतात. खानदेशात गुलाबाई, विदर्भात भुलाबाई. सण ‘यंदा नको’ असं गावकी ठरवते तेव्हा पहिली गदा बायकांच्या या खेळांवर येते, आणि इथं माझा स्पष्ट विरोध आहे. पुरुषांना पार आहे, चहाची टपरी आहे, देवळाची पायरी आहे. सासरी आलेल्या मुलीला घर, गोठा, रान एवढंच. खिरापतीला मूठभर फुटाणे आणि गूळ पुरतो. त्या फेरात, खिरापत ओळखताना, कोणाच्या घरात किती बिकट आहे ते बायकांना एकमेकींकडून कळतं. गावच्या बैठकीत ते कधीच बाहेर येत नाही.

कोजागरीला आटवलेलं दूध नसेल तर नसू दे, पण अंगणात एकत्र बसा. कोकणात त्या दिवशी नवान्न होतं. भाताच्या लोंब्या आडव्या झाल्या असतील तर उभ्या राहिलेल्या चार लोंब्यांचं तोरण दाराला बांधा. वसुबारसेला ज्यांच्या दावणीचं जनावर वाहून गेलं, त्यांना आपल्या गाय-वासराच्या पूजेला बोलवा. आधी जाऊन विचारा मात्र. रिकाम्या दावणीकडे बघवत नसेल तर येणार नाहीत, तो त्यांचा अधिकार आहे. दिवाळीला उधारीवर कपडे आणि फटाके घेऊ नका. लहान मुलांना ‘यंदा नाही’ हे कारणासह नीट सांगा. त्यांना समजतं. त्यांना न सांगता घरातले सगळे गप्प झालेले मात्र सहन होत नाहीत.

संध्याकाळ कशी घालवायची

दिवस कामात जातो. दिवेलागणीला, वीज गेलेली असताना, पत्र्यावर पुन्हा थेंब वाजायला लागले की छातीत धस्स होतं. याच वेळी मोबाइल हातात असतो आणि गटागटांतून ‘येत्या ४८ तासांत महाप्रलय’ असले निरोप फिरत असतात. पुढचं पाळून पाहा:

- हवामान दिवसातून दोनदाच पाहा, सकाळी आणि दुपारी. हवामान खात्याचा पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. बाकी कोणाचंही भाकीत पुढं पाठवू नका.
- लाल इशारा असेल तर रात्री कोण जागं राहणार, याच्या पाळ्या लावा. सगळं घर जागं राहून उपयोग नाही.
- दिवेलागणीनंतर एक ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ असू द्या. हरिपाठ असो, भजन असो, ओट्यावरच्या गप्पा असोत. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत अनेक गावांत पहाटे काकडआरती असते. गर्दी कमी झाली म्हणून ती बंद पडू देऊ नका. भाविक नसलात तरी जाऊन बसा. रोज दिसणारा माणूस दोन दिवस दिसला नाही की कोणीतरी त्याच्या घरी डोकावतं, यासाठी तरी.
- रोज संध्याकाळी दारूकडे वळणारा माणूस घरात असेल तर त्याच वेळचं एखादं काम त्याच्या नावावर करा: धारा, डेअरीला दूध पोचवणं, मोटर चालू-बंद करणं. नुसता उपदेश कामाचा नाही. व्यसन जुनं असेल तर पुढे दिलेल्या क्रमांकावर त्याबद्दलही बोलता येतं.

गावाबाहेर राहणाऱ्या मुला-मुलींसाठी

पुण्या-मुंबईहून किंवा परदेशातून फोन करता तेव्हा ‘टेन्शन घेऊ नका’ आणि ‘विकून टाका ती जमीन’ ही दोन वाक्यं या महिन्यांत तोंडातून काढू नका. ‘कसं आहे?’ या प्रश्नाला ‘बरं आहे’ हेच उत्तर यायचं. त्याऐवजी बारीक विचारा: आज पाणी कुठवर उतरलं? काळी गाय किती दूध देतेय? हरभरा कोणत्या तुकड्यात करायचं चाललंय? शेजारचे काका आले होते का? आई, तू जेवलीस का आणि काय केलं होतंस? भाजी-भाकरीचं उत्तर दोन-तीन दिवस टाळलं गेलं तर तिकडे चूल नीट पेटत नाही, असं समजा आणि शेजाऱ्याला फोन लावा.

पैसे पाठवायचे असतील तर कशासाठी ते सांगून पाठवा: बियाण्याला, पत्र्याला, औषधाला. वडिलांना मदत मागायला लावू नका. दोन दिवसांची सुट्टी काढून येणार असाल तर फराळ घेऊन दिवाळीलाच यायचा हट्ट नको. पंचनाम्याच्या किंवा पेरणीच्या दिवशी आलात तर जास्त उपयोग.

जिवाला जपा

थोडक्यात सांगते, पण यातलं काही टाळू नका.

- पाणी शिरलेल्या भागात साप घराच्या आसऱ्याला येतात. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. सूज नसते, वेदना फारशी नसते. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, बोलताना जीभ अडखळणं ही लक्षणं दिसली तर थांबू नका. खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपा. दंश झाला तर चिरा देऊ नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. अंग हलू न देता १०८ला फोन करा. प्रतिसर्पविष सरकारी रुग्णालयात मोफत असतं.
- परतीच्या पावसात दुपारनंतर विजा जास्त पडतात. झाडाखाली थांबू नका, तारेच्या कुंपणापासून लांब राहा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजेचा इशारा देतं.
- भिजलेल्या मातीच्या भिंती ऊन पडल्यावर कोसळतात. पाऊस थांबला म्हणून लगेच तिथं झोपायला जाऊ नका.
- पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीत ग्रामपंचायतीकडून टीसीएल पावडर टाकून घ्या, पाणी उकळूनच प्या.
- पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. ताप आला तर अंगावर काढू नका. लेप्टोचा ताप याच दिवसांत असतो. डॉक्टरांना ‘मी पाण्यात काम करतोय’ हे आवर्जून सांगा.

एवढ्यानं भागत नसेल तर

कामात हात गुंतवणं, चार माणसांत बसणं, सण करणं यानं बहुतेकांना हळूहळू उभारी येते. सगळ्यांना येत नाही. तो त्यांचा कमकुवतपणा नाही. घरातल्या कोणात हे दिसलं तर वाट पाहू नका: दोन आठवडे झोप नाही किंवा पहाटे तीनला उठून बसणं, जेवण सुटणं, ‘माझं ओझं झालंय तुमच्यावर’ असं बोलणं, अचानक उधारी चुकवायला, वस्तू वाटायला, लेकीला भेटून यायला घाई करणं, आणि फार दिवसांच्या तळमळीनंतर एकाएकी शांत होणं.

- थेट विचारा: ‘जीव द्यायचा विचार येतो का मनात?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो.
- कीटकनाशकांचे डबे घरात ठेवू नका. पेटीत घालून कुलूप लावा, किल्ली शेजारी किंवा भावकीतल्या विश्वासू माणसाकडे द्या. जास्तीचं औषध आणूच नका. एवढ्या एका गोष्टीनं किती जीव वाचतात, ते ग्रामीण रुग्णालयातल्या कोणत्याही परिचारिकेला विचारा.
- त्या माणसाला एकटं सोडू नका. रानात जायचं असेल तर सोबत जा.
- १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक. चोवीस तास चालू, मोफत, मराठीत बोलता येतं. घरच्यांनी ‘आमच्या माणसाशी कसं बोलू’ हे विचारायला फोन केला तरी चालतो. राज्याच्या १०४ या आरोग्य क्रमांकावरही सल्ला मिळतो.
- जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार सरकारी यंत्रणेकडून उपचार मिळणं हा तुमचा हक्क आहे आणि आजाराची माहिती गुप्त ठेवली जाणं हाही.
- कोणी प्रयत्न केलाच असेल तर पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. अशा माणसावर प्रचंड ताण होता असं कायदा धरून चालतो आणि त्याची काळजी, उपचार ही सरकारची जबाबदारी ठरवतो. काय घेतलं तो डबा सोबत न्या.

शेजारच्या घरात जाताना

‘नशीब’, ‘देवाची इच्छा’, ‘आमचं तर तुमच्याहून जास्त गेलं’ हे बोलू नका. भाकरी-पिठलं घेऊन जा आणि डबा परत न्यायच्या निमित्तानं दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. त्यांच्याकडे दूध बंद झालं असेल तर लेकरांसाठी तांब्याभर रोज द्या, आणि गावभर सांगू नका.

पहिल्या आठवड्यात सगळेच येतात: पुढारी, पत्रकार, संस्थांचे ट्रक. कार्तिक लागेपर्यंत रस्ता ओस पडतो. बियाण्याला पैसे कमी पडणं, बँकेची नोटीस येणं, रान वापशावर असून बैल नसणं, हे सगळं तेव्हाच होतं. त्या दिवसांत जा, आणि जाताना तुमची तिफण किंवा ट्रॅक्टर कोणत्या दिवशी मोकळा आहे ते आधी घरात ठरवून जा.